वाइनला नावं ठेवण्याआधी थर्मामीटर बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वर्षअखेरीच्या पानांवर ‘शॅम्पेन उडवून जल्लोष’ ही ओळ हटकून असते. फोटोतली बाटली पुष्कळदा आपल्याच नाशिककडच्या स्पार्कलिंग, म्हणजे बुडबुड्यांच्या, वाइनची असते आणि निम्मी वाइन फरशीवर सांडलेली असते. उरलेली पिऊन पाहुणे म्हणतात, ‘काही नाही हो, नुसती आंबट.’ आमची तक्रार या शेवटच्या वाक्याबद्दल आहे. आपल्याकडे वाइनवर जे शेरे मारले जातात त्यातले कितीतरी वाइनचे नसतातच. ते तापमानाचे, ग्लासचे, दुकानातल्या फळीचे आणि सोबतच्या केकचे असतात. चाखण्याची हौस असलेल्या कुणालाही हे घरच्या घरी, फार खर्च न करता सुधारता येतं, म्हणून हे पत्र जरा लांबवतो आहोत.

आधी शब्दाचं. शॅम्पेन हा ईशान्य फ्रान्समधला प्रांत. रँस आणि एपर्ने ही तिथली मुख्य गावं, जमीन खडूच्या दगडाची, हवा थंड. मुख्यतः पिनो न्वार, मनिए आणि शार्दोने या तीन द्राक्षांपासून, तिथल्याच नियमांनी केलेल्या वाइनला ते नाव मिळतं. दिंडोरीला किंवा नाशिकला त्याच पद्धतीने केलेली वाइन ही स्पार्कलिंग वाइन. तिला असं म्हटल्याने तिचा मान कमी होत नाही. आपल्याकडची ही परंपराही आजची नाही. नारायणगावला 1980 च्या दशकात अशी वाइन तयार होऊन परदेशी जात होती.

पद्धत थोडक्यात सांगायला हवी, कारण जिभेला जे जाणवतं ते सगळं तिथूनच येतं. द्राक्ष बागायतदारांना ब्रिक्स म्हणजे काय ते सांगायला नको, बाकीच्यांसाठी: ते रसातल्या साखरेचं माप. भारी रेड वाइनसाठी द्राक्षं 22 ते 24 ब्रिक्सपर्यंत पिकू देतात, स्पार्कलिंगसाठी मात्र 18-19 च्या आसपासच तोडतात. साखर कमी आणि आंबटपणा भरपूर, हे मुद्दाम ठेवलेलं असतं. त्यांची साधी कोरडी, म्हणजे गोडवा न उरलेली, वाइन झाली की ती बाटलीत भरताना लिटरमागे साधारण 24 ग्रॅम साखर आणि यीस्ट घालून बाटली बंद करतात. आत पुन्हा आंबवण होते, वायूला बाहेर जायला वाट नसते, तो वाइनमध्येच विरघळतो. मेलेलं यीस्ट तळाशी साचतं आणि महिनोन् महिने तिथेच राहतं. शॅम्पेनमध्ये बिनसालाच्या, म्हणजे लेबलवर द्राक्षांचं वर्ष नसलेल्या, वाइनलाही भरल्यापासून किमान 15 महिने तळघरात काढावे लागतात, त्यातले 12 या गाळावर. ठरावीक वर्षाच्या वाइनला किमान 3 वर्षं. ताज्या पावाची लादी फोडल्यावर येतो तो वास, भाजलेल्या बदामाचा वास, हे सगळं या गाळाचं देणं. पुढे बाटल्या हळूहळू उलट्या करत गाळ मानेत आणतात, मान गोठवतात आणि बूच काढताच गोठलेला गाळ दाबानेच बाहेर उडतो. रिकामी झालेली जागा वाइन आणि थोड्या साखरेने भरून कायमचं बूच बसवतात.

ही शेवटची साखर लेबलवर लिहिलेली असते आणि तिथे भलेभले फसतात. ब्रूट म्हणजे लिटरला 12 ग्रॅमपेक्षा कमी. एक्स्ट्रा ब्रूट 6 पर्यंत. ब्रूट नेचर असेल तर वरून साखर घातलेलीच नसते, एकूण 3 पेक्षा कमी. आणि ‘एक्स्ट्रा ड्राय’? ती ब्रूटपेक्षा गोड असते, 12 ते 17 ग्रॅम. देमी-सेक 32 ते 50. पहिल्यांदाच चाखणाऱ्या पाहुण्यांपुढे ब्रूट नेचर ठेवून ‘आंबट आहे’ ऐकून घेण्यात अर्थ नाही. सुरुवात साध्या ब्रूटने करावी. खऱ्या शॅम्पेनच्या लेबलवर बारीक अक्षरांत दोन इंग्रजी अक्षरंही असतात. ‘आर एम’ म्हणजे स्वतःच्याच बागेतल्या द्राक्षांची वाइन करणारा शेतकरी, ‘एन एम’ म्हणजे द्राक्षं विकत घेऊनही वाइन करणारी पेढी, ‘सी एम’ म्हणजे सहकारी संस्था. काही उत्पादक मागच्या लेबलवर गाळ काढल्याची तारीखही छापतात. ती पाहून घ्यावी. साधी बिनसालाची बाटली आपल्या हवेत वर्षानुवर्षं जपून ठेवायची वस्तू नाही.

आता मुख्य मुद्दा, तापमान. ‘रेड वाइन रूम टेंपरेचरला प्यावी’ हे वाक्य आपण उचललं, पण ती ‘रूम’ कुठली हे विचारलं नाही. ती जुन्या युरोपातली, जाड भिंतींची, हिवाळ्यातही फारशी न तापवलेली खोली. तिथे 16 ते 18 अंश सेल्सिअस असत. आपल्या दिवाणखान्यात एप्रिल-मेमध्ये पंख्याखालीसुद्धा 32 ते 34 असतात. त्या तापमानाला वाइनमधला अल्कोहोल भराभर उडतो, नाकात झोंबतो, फळाचा वास त्याखाली दबून जातो. मग ती वाइन ‘कडक’ ठरते. उलट टोकही वाईट. फ्रिजमधून 4 अंशांना काढलेल्या वाइनला वासच येत नाही, नुसता आंबटपणा जाणवतो, आणि रेड असेल तर तुरटपणा जास्तच टोचतो. ढोबळ हिशेब असा ठेवावा: साधी स्पार्कलिंग 6 ते 8 अंश, जास्त वर्षं गाळावर राहिलेली चांगली शॅम्पेन 8 ते 10, शेनिन ब्लाँ किंवा सॉव्हिन्यों ब्लाँसारख्या व्हाइट 8 ते 12, हलक्या रेड 13 ते 15, शिराझ-कॅबर्नेसारख्या भारी रेड 16 ते 18. म्हणजे रेडचीही बाटली उघडण्याआधी तास-दीड तास फ्रिजमध्ये जायला हवी. याला अपवाद एकच. निफाडला डिसेंबरात पारा दहाच्या खाली उतरतो, त्या दिवसांत ओसरीवर ठेवलेली रेड आपोआप जागेवर येते.

स्वयंपाकघरात वापरतात तो काडीचा डिजिटल थर्मामीटर काही शेकड्यांत मिळतो. पाच-सहा वेळा ग्लासात बुडवून मोजलं की पुढे बाटलीला हात लावून अंदाज येतो. विश्वास बसत नसेल तर एकाच बाटलीतली वाइन दोन ग्लासांत ओता, एक फ्रिजमध्ये ठेवा, एक तासभर ओट्यावर, आणि न सांगता दोन्ही पाहुण्यांपुढे ठेवा. दोन वेगळ्या वाइन वाटतात.

गार करण्याचीही रीत आहे. बादलीत नुसता बर्फ घालून उपयोग नाही, खड्यांमध्ये हवा राहते आणि बाटलीला गारवा लागत नाही. निम्मा बर्फ, निम्मं पाणी, आणि बाटली मानेपर्यंत बुडालेली, म्हणजे 25-30 मिनिटांत काम होतं. मूठभर खडेमीठ टाकलं तर आणखी लवकर. फ्रिजमध्ये तीन ते चार तास. फ्रीझरमध्ये मात्र कधीही नाही. विसरलात तर वाइन गोठून फुगते आणि बाटली फुटू शकते.

उघडण्याबद्दल कळकळीने सांगावंसं वाटतं, कारण यात डोळ्याला इजा होऊ शकते. बाटलीतला दाब बाहेरच्या हवेच्या पाच-सहा पट असतो, मोटारीच्या टायरमधल्या दाबाच्या दुपटीहून जास्त. बाटली कोमट असेल किंवा हललेली असेल तर बूच हातातून निसटतं आणि मागोमाग फेसाचा लोंढा येतो. बुचावरचा चंदेरी कागद, म्हणजे चांदी, सोलल्यावर अंगठा बुचावर ठेवा आणि तो शेवटपर्यंत काढू नका. तारेची कडी साधारण सहा अर्धे वेढे उलगडली की जाळी सैल होते. ती काढायची नाही, जाळीसकट बूच मुठीत धरायचं, म्हणजे पकड चांगली बसते. बाटली 45 अंशांत तिरकी, तोंड माणसांपासून आणि दिव्यापासून लांब. मग बूच पिरगाळायचं नाही, बुडाशी धरून बाटली फिरवायची. बूच वर यायला लागलं की उलट त्याला दाबून धरायचं आणि कडेने वायू सावकाश सोडायचा. ‘फुस्स’ एवढाच आवाज आला पाहिजे. जो आवाज मोठा करण्यात आपण शौर्य मानतो, त्या आवाजाबरोबर दीड-दोन वर्षं जपलेला वायू निघून जातो.

ओतताना ग्लास तिरका धरावा, बिअर ओततो तसा. वाइन काचेवरून घरंगळली तर वायू जास्त टिकतो, हे रँसच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी 2010 मध्ये मोजून दाखवलं आहे. बाटली उरलीच तर दाब धरणारं, कडीचं झाकण मिळतं, ते लावून फ्रिजमध्ये ठेवावी, एक-दोन दिवस बरी राहते. तोंडात चमचा अडकवून ठेवण्याचा काही उपयोग होत नाही.

ग्लास उंच आणि नळीसारखा निमुळता असला तर बुडबुडे छान दिसतात, पण नाक आत जात नाही. पसरट बशीसारख्या ग्लासातून वायू आणि वास दोन्ही उडून जातात. पोटात थोडा फुगीर आणि तोंडाशी आवळलेला साधा व्हाइट वाइनचा ग्लास सगळ्यात सोयीचा. तो एक-तृतीयांश, फार तर निम्मा भरावा. भांड्यांच्या साबणाचा पातळ थर ग्लासात राहिला तर फेस लगेच बसतो. म्हणून शेवटचं पाणी गरम आणि भरपूर घ्यावं. रिकाम्या ग्लासचा वास घ्यायची सवय लावावी. कपाटाचा, ओल्या फडक्याचा, डांबर गोळीचा वास हमखास सापडतो आणि तोच पुढे वाइनच्या नावावर लागतो. याचीच दुसरी बाजू अशी की बुडबुड्यांच्या माळा उठतात त्या मुख्यतः काचेला चिकटलेल्या कापडाच्या सूक्ष्म तंतूंवरून. एखाद्या ग्लासात माळा कमी दिसल्या म्हणून वाइन शिळी ठरवू नये. घोट घेतल्यावर जिभेवर फेस उठतो की नाही, ते बघावं.

घरी चाखण्याची बैठक करायची तर सहा वाइन पुष्कळ झाल्या. माणशी 40 मिलि ओतली तर 750 मिलिच्या बाटलीत अठराएक माप निघतात, म्हणजे एका बाटलीत पंधरा-सोळा जणांचं आरामात भागतं. हिशेब करा: सहा वाइन गिळल्या तर 240 मिलि पोटात जाते, वाइनच्या नेहमीच्या एका ग्लासाहून बरीच जास्त. म्हणून प्रत्येकाजवळ थुंकायला स्टीलचा उभा पेला ठेवावा. यात असभ्य काही नाही, जगभर जाणकार थुंकूनच चाखतात. गिळणाऱ्याने त्या रात्री गाडीला हात लावू नये. क्रम असा: स्पार्कलिंग आधी, मग हलकी व्हाइट, मग रेड, गोड सगळ्यात शेवटी. गोडानंतर घेतलेली कुठलीही कोरडी वाइन आंबट लागणारच. तोंड साफ करायला साधं पाणी आणि बिनलोण्याचा पाव पुरे. तासभर आधीपासून चहा, कॉफी, पान, मसालेदार काही नको. खोलीत उदबत्ती नको, गजरा आणि अत्तर नको, शेजारच्या स्वयंपाकघरात फोडणी तर नकोच.

ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका धरून रंग पाहा. मग वास घ्या. स्पार्कलिंग गरगर फिरवू नका, वायू जातो. बाकीच्या फिरवा. मग दहाएक मिलिचा घोट, तो सगळ्या तोंडातून घोळवा, ओठ किंचित उघडून थोडी हवा आत ओढा, थुंका, आणि चव किती वेळ मागे राहते ते मनात मोजा. पाचाच्या आत संपली तर वाइन साधी, दहाच्या पुढे गेली तर लक्ष द्यावं अशी. तीन ओळी लिहून ठेवा. लिहिलं नाही तर आठवड्याने काहीच उरत नाही.

लिहायचं कुठल्या शब्दांत, हा प्रश्न पुष्कळांना अडवतो. विलायती पुस्तकांत गूजबेरी आणि ब्लॅककरंट असतात, ती फळं आपण खाल्लेलीच नसतात. आपल्याकडे शब्दांची कमी आहे का? सॉव्हिन्यों ब्लाँमध्ये पेरू आणि हिरव्या ढोबळी मिरचीचा वास स्पष्ट मिळतो, शिराझमध्ये मिरी आणि जांभूळ, शेनिनमध्ये अननस. आंबटपणा ओळखायची खूण म्हणजे चिंचेच्या नुसत्या आठवणीने सुटतं तसं तोंडाला पाणी सुटणं. तुरटपणाची खूण उलटी, कच्ची सुपारी किंवा आवळा खाल्ल्यावर जीभ आणि हिरड्या कोरड्या पडतात तशी. हे दोन्ही लोक सर्रास एकमेकांत मिसळतात. फरक पक्का करायचा तर एका पेल्यात लिंबू पिळलेलं पाणी आणि दुसऱ्यात पाच मिनिटं उकळून गार केलेला बिनदुधाचा कोरा चहा घ्या, आळीपाळीने घोट घ्या. वासांसाठी स्वस्त व्हाइट वाइनचे 50-50 मिलिचे पेले भरा. एकात पेरूची फोड, एकात ढोबळीचा तुकडा, एकात लिंबाची साल, एकात पावाची भाजलेली कड टाका, झाकून वीस मिनिटं ठेवा आणि डोळे मिटून ओळखा.

आणि एक कठोर परीक्षा. तीन ग्लास, दोनांत एकच वाइन, तिसऱ्यात वेगळी. बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या. वेगळा कुठला, एवढंच सांगायचं. नुसत्या अंदाजाने तीनांत एकदा बरोबर येतं, पण लागोपाठ तीनदा बरोबर येण्याची शक्यता सत्तावीसांत एक. तीनदा जमलं तर तुमची जीभ खरंच काहीतरी ओळखते आहे. महागड्या बाटलीची बढाई इथे टिकत नाही, म्हणून ही परीक्षा आम्हाला फार प्रिय आहे.

बाटली खरंच खराब असेल तर तेही ओळखता यावं. ओल्या पुठ्ठ्याचा, भिजलेल्या रद्दीचा कुबट वास आला तर तो बुचाचा दोष. हवा लागून जात नाही, उलट वाढतो, बाटली परत करावी. विझलेल्या काडीचा किंवा किंचित सडक्या अंड्याचा वास ग्लास फिरवल्यावर दहा मिनिटांत पुष्कळदा जातो, घाई करू नये. डागाळलेल्या, तपकिरी पडलेल्या सफरचंदाचा वास म्हणजे हवा शिरलेली. व्हिनेगर किंवा नखांच्या पॉलिशचा वास म्हणजे आंबून गेलेली. मुरांब्यासारखा शिजका वास आला, बूच वर उचललेलं दिसलं, चांदीखाली चिकट ओघळ असला, तर ती बाटली उन्हाने भाजलेली आहे.

हा शेवटचा दोष आपल्याकडे सगळ्यात जास्त सोसावा लागतो, आणि तो ना बागेचा, ना वाइनरीचा. ट्रकमध्ये, गोदामात, दुकानाच्या वरच्या फळीवर तो घडतो. उजेडाचंही तसंच. स्पार्कलिंग वाइन, विशेषतः बिनरंगाच्या काचेतली, ट्यूबलाइटखाली किंवा काउंटरच्या काचेत मांडून ठेवली तर तिला शिजलेल्या कोबीचा वास धरतो, आणि त्याला महिने नव्हे, काही तासही पुरतात. लुई रोडेरेरची क्रिस्टल ही शॅम्पेन पारदर्शक बाटलीत असते, म्हणून ती पिवळ्या कागदात गुंडाळून विकतात. तो कागद शोभेचा नाही. ग्राहकांनी मांडणीतली बाटली न घेता खोक्यातली मागावी. दुकानदारांनी निदान स्पार्कलिंगपुरतं शीतकपाट वापरावं. हॉटेलवाल्यांनी मेन्यूत नावापुढे किमतीच्या जोडीला तापमान छापावं आणि पाळावं. घरी माळ्यावर किंवा फ्रिजच्या डोक्यावर बाटली ठेवू नये, सगळ्यात गार खोलीतल्या कपाटाचा तळ बरा.

खाण्याबद्दल थोडंच. स्पार्कलिंगला तळलेलं आणि खारट मानवतं, कारण आंबटपणा आणि बुडबुडे तेलाचा थर धुऊन काढतात. कोथिंबीर वडी, साबुदाणा वडा, रव्यातली सुरमई, कमी तिखटाची कोळंबी, सगळं छान जमतं. झणझणीत रश्शाबरोबर मात्र बुडबुडे जिभेवर सुयांसारखे टोचतात. आणि लग्नात, वाढदिवसाला ब्रूटच्या जोडीला क्रीमचा केक देण्याची पद्धत कृपा करून सोडावी. गोड खाल्लेल्या जिभेला ब्रूट कडवट-आंबटच लागणार. केक, श्रीखंड किंवा पुरणपोळीच असेल तर देमी-सेक आणा, नाहीतर ब्रूट वडीबरोबर आधीच संपवा.

आपल्या वार्ताहरांना विनंती एवढीच की नाशिकच्या बाटलीला तिच्या नावाने ‘स्पार्कलिंग वाइन’ म्हणावं, आणि या 31 तारखेच्या पुरवणीत उडत्या बुचाच्या फोटोऐवजी मुठीत धरलेल्या बुचाचा फोटो छापावा. वाचकांपैकी कुणी त्या रात्री बाटली उघडणार असेल तर ती दुपारी चारच्या आत फ्रिजच्या तळाच्या कप्प्यात जायला हवी, आणि वड्या तळायला घेतल्या की, उघडण्याच्या दहा मिनिटं आधी, बाहेर.

आपले,
काही हौशी वाइनप्रेमी, नाशिक